वाचक विचारतात : साल्सातले चार आणि आठ गेले कुठं?

मागच्या अंकात म्हटलं होतं की अमेरिका खंडातल्या नाचगाण्यांबद्दल काय विचारायचं ते विचारा, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी सगळीकडून पत्रं आणि व्हॉइस नोट्स आल्या. अमेरिका म्हणजे नुसतं न्यूयॉर्क-शिकागो नाही हं, खाली क्यूबा, जमैका, ब्राझील, पार अर्जेंटिनापर्यंत सगळं त्यात आलं. सगळ्यांना जागा देता येत नाही, ज्यांचे राहिले त्यांनी रागावू नका.

"ताई, आम्ही दोघी मैत्रिणी साल्साच्या क्लासला जातोय. सर मोजतात वन टू थ्री, फाइव्ह सिक्स सेव्हन. चार आणि आठ म्हणतच नाहीत. आणि गाणं लागलं की 'वन' कुठं आहे तेच सापडत नाही, बाकीचे सुरू होतात आणि आम्ही उभ्याच. काय करायचं सांगा की ओ." — टिळकवाडी, बेळगाव

चार आणि आठ कुठं गेलेले नाहीत, तिथं पाय थांबतो पण वाजणारे थांबत नाहीत, उलट नेमकं तिथंच ते जास्त बोलतात. कोंगा म्हणजे उभा, हाताने वाजवायचा ढोल, त्याचे दोन मोकळे घुमणारे ठोके येतात ते चारवर आणि लगेच चारच्या मागच्या अर्ध्यावर. म्हणजे तुम्ही थांबता तेव्हा कोंगा तुम्हाला पुढच्या पावलासाठी ढकलत असतो. हे एकदा ऐकू आलं ना, की मग थांबायची भीती वाटत नाही.

आता 'वन' का सापडत नाही ते. आपल्याकडं भजनी ठेका ऐकत मोठं झालेल्या माणसाला आठ मात्रा मुद्दाम शिकवाव्या लागत नाहीत, पण आपल्याला सवय समेची, सगळे हिंडून-फिरून समेवर एकत्र येणार, मान हलणार, वा वा होणार. साल्सात बास म्हणजे खर्जाचं तारवाद्य वाजवणारा समेवर बहुतेक वेळा येतच नाही, तो आधीच चौथ्या ठोक्यावर येऊन बसतो आणि तोच सूर पुढं ओढून समेवरून नेतो. त्यामुळं आपला कान जिथं वजन शोधतो तिथं वजनच नसतं. तुमची चूक नाही बघा ही, तुमचे कान वेगळ्या शाळेत शिकलेत एवढंच.

उपाय सांगते. घरी बसून एक ते सोळा सारख्या वेगात मोजा आणि फक्त १, ४, ७, ११ आणि १३ वर टाळी द्या. आधी हळू, मग थोडं जलद. ही झाली क्लेव्ह, दोन लाकडी दांडक्या एकमेकींवर आपटून वाजवतात ती. पहिल्या अर्ध्यात तीन टाळ्या, दुसऱ्यात दोन, काही गाण्यांत हेच उलटं म्हणजे आधी दोन मग तीन. ऑर्केस्ट्रात वीस माणसं असली तरी सगळे या पाच ठोक्यांना धरून वाजवतात, आणि कधी कधी क्लेव्ह कुणी वाजवतही नसतं, तरी सगळ्यांच्या डोक्यात ती चालूच असते. दुसरी खूण म्हणजे घंटा. गाणं अर्ध्यावर आलं की मुख्य गायक एक ओळ टाकतो आणि कोरस तीच ओळ परत परत म्हणतो, आपल्या भजनात बुवा आणि टाळकरी करतात तसंच, त्या भागाला मोंतूनो म्हणतात आणि तिथं एक मोठी लोखंडी घंटा सुरू होते. तिचे जड ठोके एक, तीन, पाच, सात वर (हे आकडे सोळाचे नाहीत, क्लासातल्या आठच्या मोजणीचे). तिथून 'वन' पकडा. आठवडाभर स्टेप्स नकोत, नुसतं हे ऐका, मग क्लासला जावा.

थोडं मागचंही सांगते कारण ते माहीत असलं की गाणं वेगळं ऐकू येतं. याचं मूळ क्यूबाच्या पूर्व भागातल्या 'सोन'मध्ये, स्पॅनिश गिटारीची बहीण त्रेस आणि आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचे ताल. १९५९ ची क्रांती झाली, मग अमेरिका आणि क्यूबाचं बिनसलं, हवानाहून न्यूयॉर्कला येणारे बँड आणि रेकॉर्ड बंद पडल्या, पण न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम आणि ब्राँक्समध्ये पोर्तो रिकोची माणसं राहत होती त्यांनी ते संगीत सोडलं नाही, त्यात जॅझ घातला, स्वतःचे ट्रॉम्बोन घातले. १९६४ मध्ये डॉमिनिकन वादक जॉनी पाचेको आणि वकील जेरी मासूची यांनी फानिया रेकॉर्ड्स काढली, आणि ऑगस्ट १९७३ मध्ये फानियाच्या कलाकारांनी यांकी स्टेडियमवर कार्यक्रम केला. क्यूबाची गायिका सेलिया क्रूझचा आवाज ऐकला नसेल तर आज रात्रीच ऐका, जेवण नंतर. सर पुढं 'ऑन वन' आणि 'ऑन टू' असं काहीतरी सांगतील, तेव्हा घाबरू नका, पुढं-मागं जायचं मुख्य पाऊल एकवर टाकायचं की दोनवर एवढाच फरक. न्यूयॉर्कवाले बरेचजण दोनवर नाचतात कारण कोंग्याचा चापट ठोका दोनवर पडतो.

"रेगेटॉनची सगळी गाणी सारखीच का वाटतात? घरात आई म्हणते, एकच गाणं दिवसभर किती वेळा लावतोस. गाणी वेगळी असतात हो ताई." — निपाणी, कॉलेज विद्यार्थी

तुझ्या आईचा कान चांगला आहे रे. गाणी वेगळी पण खालचा ठेका एकच, त्याला डेम्बो म्हणतात. आठ भाग कर, आणि तीन-तीन-दोन असं तोड : एक दोन तीन, एक दोन तीन, एक दोन. प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या आकड्यावर टाळी दे. आता वर टिळकवाडीच्या ताईंना सांगितलेल्या क्लेव्हच्या पहिल्या तीन टाळ्या बघ, १, ४, ७. तेच आहे. आफ्रिकेतून जहाजांत भरून आणलेली माणसं सोबत सामान आणू शकली नाहीत, पण हा तीन-तीन-दोन सगळीकडं घेऊन गेली, म्हणून तो हवानात आहे, न्यू ऑर्लीन्सला आहे, सान हुआनला आहे.

डेम्बो पोहोचला कसा ते बघ. पनामा कालवा खणायला जमैका, बार्बाडोसहून मजूर नेले होते, त्यांची पुढची पिढी पनामातच राहिली आणि स्पॅनिश बोलायला लागली, पण कानात जमैकाचं रेगे होतंच. त्यांनी १९८० च्या दशकात रेगेच्या ठेक्यावर स्पॅनिशमध्ये गायला सुरुवात केली, एल जेनेरालचं नाव त्यातलं मोठं. तिकडं जमैकात शाबा रँक्सचं 'डेम बो' आलं आणि त्या गाण्याच्या ठेक्यालाच नाव पडलं. मग पोर्तो रिकोत सान हुआनच्या सरकारी वस्त्यांतल्या पोरांनी हे घरगुती कॅसेटवर रेकॉर्ड करून हातोहात विकलं. १९९५ मध्ये तिथल्या पोलिसांनी दुकानांवर धाडी घालून कॅसेट जप्त केल्या, म्हणे अश्लील आहे. २००४ मध्ये डॅडी यांकीचं 'गासोलिना' आलं आणि २०१७ मध्ये 'डेस्पासितो', मग तर आपल्याकडच्या वरातीतसुद्धा वाजलं.

आणि एकाच ठेक्यावर शंभर गाणी यात कमीपणा काय आहे? जमैकात ती रीतच आहे, एक ठेका तयार झाला की दहा गायक त्याच्यावर आपापले शब्द गातात. आपल्याकडं एकाच चालीवर किती अभंग म्हणतो आपण. आईला हे सांग, पण आवाज कमी कर.

"नणंदेच्या पोरानं त्रिनिदादची गाणी दाखवली. ढोलक, पेटी, भोजपुरीसारखे शब्द, आणि एका लग्नाच्या व्हिडिओत तर ताशा! हा आपलाच ताशा का? तिथं कसा गेला?" — खानापूर तालुका

आलेल्या सगळ्या पत्रांत हे पत्र मला सगळ्यात आवडलं. हो, ताशाच. तिथंही म्हणतात 'तासा'.

१८३४ मध्ये इंग्रजांनी आपल्या वसाहतींत गुलामगिरी कायद्याने बंद केली, आणि उसाच्या मळेवाल्यांना मजूर मिळेनात. मग करारावर हिंदुस्थानातून माणसं न्यायला सुरुवात झाली. त्रिनिदादला पहिलं जहाज, फतेल रझाक, ३० मे १८४५ ला लागलं. १९१७ पर्यंत हे चालू होतं आणि सुमारे १ लाख ४० हजार माणसं एकट्या त्रिनिदादला गेली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची, कलकत्त्याहून जहाजात बसलेली, काही मद्रासकडची. बहुतेकजण परत आलेच नाहीत.

ताशा तिथं रुजला मोहरमच्या मिरवणुकीतून, तिला ते होसे म्हणतात, आणि मग हिंदूंच्या लग्नातही आला. मातीचं भांडं, त्यावर बकऱ्याचं कातडं, दोन बारीक काठ्या. दोन ताशे असतात, एकजण कटर म्हणजे पुढं होऊन बोल कापणारा, दुसरा त्याला मागून धरून ठेवणारा, सोबत एक मोठा ढोल आणि झांज. आणि वाजवायच्या आधी रस्त्याच्या कडेला जाळ करून ताशे शेकतात, कातडं ताठ होऊन आवाज कडक निघेपर्यंत. आपल्याकडं हलगीवाले काय करतात? तेच की. कागद, पालापाचोळा पेटवून हलगी फिरवत फिरवत शेकायची, मधूनच बोटाने टिचकी मारून बघायची, अजून बसकाच आवाज येतोय म्हटलं की परत जाळावर. दोघांमध्ये अख्खा समुद्र आहे आणि हाताची सवय एकच आहे, मला तर तो व्हिडिओ बघून भरून आलं. आता तिकडंही नटबोल्टचे, प्लास्टिकच्या पानाचे ताशे आलेत, ते शेकावे लागत नाहीत, पण जुने वादक अजून जाळ करतात.

तुम्ही ऐकलेली गाणी 'चटणी' प्रकारातली. लग्नाआधीच्या माटीकोरच्या रात्री फक्त बायका जमून चावट गाणी म्हणायच्या, नाचायच्या, पुरुषांना तिथं जागा नाही. आपल्या हळदीच्या रात्री म्हाताऱ्या बायका काय काय म्हणतात ते आठवा म्हणजे कळेल. त्यातून ही चाल बाहेर आली आणि १९७० च्या सुमारास सुंदर पोपो नावाच्या गायकानं 'नाना अँड नानी' हे गाणं हिंदी-इंग्रजी मिसळून गाऊन तिला रेडिओवर नेलं. त्यात जे टिण टिण वाजतं ना ते धंताल, एक लांब लोखंडी सळई आणि तिच्यावर मारायला घोड्याच्या नालेसारखा तुकडा.

पुढची गोष्ट आणखी छान आहे. लॉर्ड शॉर्टी हा आफ्रिकी वंशाचा, कॅलिप्सो म्हणजे त्रिनिदादची जुनी कार्निव्हलची गाणी गाणारा गायक, त्याला वाटलं कॅलिप्सो मागं पडतंय, तरुण पोरं रेगे आणि अमेरिकन सोल ऐकतायत. त्यानं शेजारच्या भारतीय वस्तीतले ताल घेतले, १९७३ मध्ये 'इंद्राणी' गायला, आणि त्यातून सोका हा प्रकार उभा राहिला. आज त्रिनिदादच्या कार्निव्हलला लोक ज्यावर रस्ताभर नाचतात ते सोका. त्यात आपल्या ढोलकीचा वाटा आहे, हे नणंदेच्या पोराला नक्की सांगा. त्याला स्टीलपॅनही ऐकवा, इंग्रजांनी कातड्याच्या ढोलांवर बंदी घातली तेव्हा लोकांनी बांबू आपटून ताल धरला, मग बिस्किटाचे डबे, आणि शेवटी तेलाच्या पिंपांचं तळ ठोकून ठोकून त्यातून सूर काढले.

"टँगो म्हणजे परक्या बाईला मिठी मारून नाचणं. याला संस्कृती म्हणून जागतिक मान देतात हे मला पटत नाही. आपलं मत कळवावं." — अथणी, निवृत्त शिक्षक

सर, नमस्कार. तुम्ही स्पष्ट लिहिलंत, मीही स्पष्टच लिहिते, मला हा मान पूर्ण योग्य वाटतो. युनेस्कोनं तो २००९ मध्ये अर्जेंटिना आणि उरुग्वे दोघांना मिळून दिला.

मिलोंगा म्हणजे टँगो नाचायची जागा, तिथले नियम तुम्ही ऐकलेत तर तुम्हालाच आवडतील असं वाटतं. कुणी कुणाचा हात धरून ओढत नाही. हॉलच्या या टोकावरून त्या टोकाला नजर द्यायची, समोरच्या बाईनं नजर धरून मान हलवली तरच उठायचं, तिनं नजर फिरवली तर विषय संपला, चारचौघांत कुणाचा अपमान होत नाही. तीन-चार गाण्यांचा एक संच असतो, तो संपला की मध्ये वेगळंच संगीत थोडं वाजतं, पुरुष बाईला तिच्या जागेपर्यंत सोडतो. सगळी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात, कुणी कुणाला ओलांडून घुसत नाही. आपल्याकडच्या लग्नाच्या डीजेपुढं एवढी शिस्त असती तर बरं झालं असतं.

हा नाच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्युनॉस आयर्स आणि मोंतेव्हिदेओच्या बंदराकडच्या गरीब वस्त्यांत तयार झाला. इटली-स्पेनहून पोट भरायला आलेले, आफ्रिकी वंशाचे, खेड्यातून शहरात आलेले, सगळे एकटे. त्याचं मुख्य वाद्य बँडोनियन, दोन्ही हातांत धरून वाजवायचं भात्याचं वाद्य, तेही जर्मनीतून आलेलं. आपली पेटी नाही का युरोपातून आली आणि आज तिच्याशिवाय भजन होत नाही, तसं. ब्युनॉस आयर्सच्या प्रतिष्ठित लोकांनी आधी नाक मुरडलं, १९१३ च्या सुमारास पॅरिसवाले टँगोवर फिदा झाले आणि मग यांनाही तो चालायला लागला. आपल्या भागात हे घडलेलं नाही का सर? गंगूबाई हनगल यांना लहानपणी धारवाडच्या गल्लीतून जाताना गाणारी म्हणून हिणवायचे लोक, पुढं पद्मविभूषण मिळालं. तमाशातल्या बायकांना आजही काय काय ऐकावं लागतं.

टँगो गायक कार्लोस गार्देलचं गाणं ऐकून बघा. १९३५ मध्ये कोलंबियातल्या मेदेयीनला विमान अपघातात गेला, अजून ब्युनॉस आयर्सचे लोक म्हणतात तो रोज आणखी चांगलं गातो. आणि नाच बघायचा नसेल तर अर्जेंटिनाचा संगीतकार पियात्सोयाचा टँगो डोळे मिटून ऐका, त्यातही तो तीन-तीन-दोन भेटेल.

"डिसेंबरात दादाचं लग्न. संगीतला कपल डान्स करायचाय, दोघांनाही नाचता येत नाही. साल्सा, बचाटा, मेरेंगे यातलं सोपं कुठलं?" — चिकोडी

मेरेंगे. चालता येतं का दोघांना? मग झालं. डावा-उजवा, प्रत्येक ठोक्याला एक पाऊल, गुडघे सैल ठेवायचे, कंबर आपोआप हलते, मुद्दाम हलवायला गेलं की वाईट दिसतं. मधे एखादी गिरकी टाका.

वेळ असेल तर बचाटाही होईल : बाजूला तीन पावलं आणि चौथ्याला नुसता टेकवून कंबरेचा झटका, मग उलट बाजूला. हे दोन्ही डॉमिनिकन रिपब्लिकचे, पण एका घरातली एक लाडकी आणि एक नावडती. हुकूमशहा त्रुहीयोला मेरेंगे आवडायचं, त्यानं ते देशाचं संगीत करून टाकलं. बचाटा गरिबांच्या गिटारीचं, दारूच्या अड्ड्यातलं म्हणून हेटाळलं गेलं. १९६१ मध्ये त्रुहीयो मारला गेला, १९६२ मध्ये होसे मानुएल काल्देरोननं पहिल्या बचाटा रेकॉर्ड केल्या, तरी मोठे रेडिओ ते लावायचे नाहीत. १९९० मध्ये हुआन लुईस गेर्राचा 'बचाटा रोसा' हा अल्बम आला तेव्हा कुठं बैठकीच्या खोलीत जागा मिळाली. लग्नात लावा बिनधास्त.

"आमचं ढोलपथक आहे. गणपती आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला वाजवतो. ब्राझीलच्या सांबा पथकांचे व्हिडिओ बघून वेड लागलंय. त्यातलं आम्हाला काय घेता येईल?" — शहापूर, बेळगाव

भाऊ, बरंच काही, पण ताल उचलू नका, रचना उचला. ताल आपले आपल्याकडं भरपूर आहेत.

रिओची सांबा स्कूल म्हणजे शाळा नव्हे, कार्निव्हलला उतरणारं वस्तीचं मंडळ, आणि मोठ्या स्कूलच्या बातेरियात म्हणजे वादकांच्या ताफ्यात दोनशे-तीनशे वादक असतात आणि तरी प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं. कसं? एक, सगळे ढोल एकच गोष्ट वाजवत नाहीत. सुर्दो हा त्यांचा मोठा ढोल, त्याच्या तीन जाती. सगळ्यात खर्जाचा पहिला सुर्दो दुसऱ्या ठोक्यावर पडतो, त्याच्यापेक्षा थोडा चढा दुसरा सुर्दो पहिल्या ठोक्यावर, म्हणजे दोघे एकमेकांना उत्तर देतात आणि जड ठोका समेवर नसून नंतर येतो, म्हणून सांबा ऐकताना शरीर पुढं ओढलं जातं. तिसरा सुर्दो या दोघांच्या मधल्या जागा भरतो. तुमच्या पथकात ढोल तीन वेगवेगळ्या सुरांना ताणून घ्या, तीन गटांना तीन काम वाटा. पन्नास ढोल एकदम एकच बडवण्यापेक्षा हे लांबवर पोचेल.

दोन, रेपिनीकी नावाचा चढा छोटा ढोल असतो, तो एक ओळ वाजवून सगळ्यांना हाक मारतो आणि पथक उत्तर देतं. हे काम तुमच्या ताशेवाल्याचंच आहे, फक्त त्याच्या हाका ठरवून घ्या, कुठल्या बोलावर थांबायचं, कुठल्यावर वेग बदलायचा. तीन, पारादीन्या : भर मिरवणुकीत सगळं पथक एका क्षणात थांबतं, लोक गात राहतात, आणि मग सगळे एकदम परत सुरू. याला तालीम लागते, रस्त्यावर जाऊन जमत नाही. प्रमुख पुढं उभा राहून शिट्टी आणि हाताच्या खुणांनी चालवतो, त्याच्याकडं बघायची सवय आधी लागली पाहिजे.

ही माणसंही एका दिवसात सांबाद्रोमवर म्हणजे कार्निव्हलच्या मिरवणुकीसाठी बांधलेल्या खास रस्त्यावर पोचलेली नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिओत सांबा वाजवणाऱ्या काळ्या लोकांना पोलीस पकडायचे, वाद्यं हिसकावायचे. बाहियाहून आलेल्या बायकांच्या घरांच्या मागच्या अंगणात ते लपूनछपून वाजायचं. १९२८ मध्ये एस्तासियो वस्तीतल्या पोरांनी 'देइशा फालार' काढली, तीच पहिली सांबा स्कूल मानतात, आणि पहिला सुर्दो त्यांच्यातल्याच एकानं लोण्याच्या मोठ्या डब्यापासून बनवला असं सांगतात. वास्तुविशारद नीमायरनं आखलेला सांबाद्रोम १९८४ चा.

नुसतं रिओचंच ऐकत बसू नका, ब्राझीलच्याच साल्वादोर शहरातलं ओलोदुम हे ढोलपथकही बघा, १९७९ ला सुरू झालेलं. त्यांनी सांबात जमैकाचं रेगे मिसळून चालायच्या वेगाचा जड ताल काढला. तो आपल्या मिरवणुकीच्या वेगाला रिओच्या सांबापेक्षा जास्त जवळचा आहे, कारण आपल्याकडं चित्ररथ पुढं सरकायचाच तासाला चार पावलं. मायकेल जॅक्सननं १९९६ मध्ये त्यांच्यासोबत साल्वादोरच्या गल्लीत व्हिडिओ केला, तो बघा, वादकांचे हात कसे उडतात ते दिसेल. ते ढोलाच्या काठ्या हवेत फिरवून परत ठोक्याला आणतात, पोरांना लगेच आवडेल, पण आधी ताल पक्का होऊ द्या मग काठ्या फिरवा. आणि तालमीला सगळ्यांनी इअरप्लग घाला, मेडिकलमध्ये मिळतात, पत्र्याच्या शेडमध्ये ढोल वाजवून कान जातात आणि गेलेले परत येत नाहीत.